सावलीचं बोट

अंथरुणाला खिळलेल्या लेकीसाठी तो रोज रस्ता टिपून आणायचा. सायकलच्या सीटवर पेंगणारं मांजर, डबक्यात पडलेलं आभाळ. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायची त्याची जुनी खोड.

"बाबा, तुझी सावली मध्येच कडमडते!" लेक हसायची.

आज मात्र प्रत्येक फोटोत त्याच्या सावलीचं बोट धरून एक इवलीशी सावली चालत होती.

"ही गं कुणाची?"

"माझीच की! उद्या आणखी लांब जाऊ या ना, बाबा."

त्याने फोटोंवरून नजर उचलली. खिडकीतून उतरतं ऊन आत आलं. आई लेकीला पोटाशी टेकवून तिचे केस विंचरत होती. समोरच्या भिंतीवर आईची सावली पडली, हातातल्या फणीची पडली.

आणि ती फणी रिकाम्या भिंतीवर अलगद फिरत राहिली.