रेघेच्या आत

सासूबाईंनी चंद्रभागेच्या राहुटीभोवती काठीनं वाळूत रेघ ओढली आणि काठी लांब टाकून दिली.

"या रेघेच्या बाहेर यायचं नाही. दुपारी बैलगाड्या आल्या की हाक मारीन. मागच्या गाडीत एकटीनं बसायचं."

"बरं," चंद्रभागा म्हणाली.

ती काल संध्याकाळी बाजूला बसली होती. नेमकी काल! नाशिकचे गर्गे वकील नाताळच्या सुट्टीत बायको, मुलगा, सून असं घर घेऊन डहाणूच्या किनाऱ्यावर राहुट्या ठोकून राहिले होते, आणि आजचा दिवस शेवटचा. वकिलांना साहेबासारखं उघड्यावर राहायची भारी हौस; सोवळंओवळं मात्र पंचवटीतून जसंच्या तसं बांधून आणलेलं. पर्वणीशिवाय समुद्राला शिवायचं नाही, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. म्हणून सगळ्यांनी इतके दिवस समुद्र नुसता पाहिला, आणि चंद्रभागेनं तर तोही चुलीच्या धुरातून. पण आज अमावास्या. आज सगळ्यांनी स्नान करायचं ठरलं होतं. त्या एका स्नानाच्या आशेवर सुनेनं रोज वाऱ्याशी भांडत भात शिजवला होता.

आता ती राहुटीच्या दाराशी बसून दुसऱ्यांचं स्नान पाहत होती. समुद्र अजून लांब होता. मामंजी मोठ्यानं संकल्प सांगत होते, सासूबाई नाक धरून बुडी मारत होत्या. तिचा नवरा त्र्यंबक कमरेइतक्या पाण्यात उभा होता. आईवडिलांच्या देखत बायकोशी बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, ओंजळभर पाणी उचललं, जरा वेळ धरून ठेवलं आणि सोडून दिलं.

चंद्रभागेला रडू फुटलं. पुन्हा कोण आणणार होतं तिला इथं? नाशिकला गेल्यावर तेच माजघर, तीच चूल, आणि महिन्याच्या महिन्याला हेच बाजूला बसणं. एकदा, फक्त एकदा पाय भिजले असते तर काय बिघडलं असतं?

स्नान उरकून सगळे वरच्या राहुट्यांकडे सामान बांधायला गेले. तिची राहुटी सगळ्यांच्या खाली, उतारावर होती. गोदेकाठची रीतच तशी. बाजूला बसलेलीनं खालच्या अंगाला राहायचं, म्हणजे तिचं पाणी कुणाकडे जात नाही. पाणी उलटं चढूनही येतं, आणि अमावास्येला जास्तच येतं, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तसं पाणी जवळ आलं. एक लाट रेघेपाशी थबकली. पुढचीनं रेघ पुसून टाकली. मग एक सरळ राहुटीतच शिरली, खालचं तरट भिजवून तिच्या मांडीपर्यंत आली. चंद्रभागेनं पाय आवरले नाहीत. उलट लांब केले.

"अगं ऊठ! समुद्राला शिवलीस!" सासूबाई ओरडत उतारावरून धावत राहुटीच्या दारापुढं आल्या. मागून वकील आले, त्र्यंबक आला.

"मी रेघेच्या आतच बसले होते, सासूबाई. तोच आला."

लाट मागं फिरली ती राहुटीतून निघून सासूबाईंच्या पावलांवरून गेली. त्यांनी आधी पावलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, हेच पाणी माझ्या पायाला लागलं. आता हो?"

वकिलांनी घसा साफ केला. "समुद्राला विटाळ नसतो."

"आणि हिला?"

"हिला आहे," वकील म्हणाले.

राहुटी वर न्यायची होती. त्र्यंबक दोन पावलं पुढं आला.

"त्र्यंबका!" आई म्हणाली. तो जागच्या जागी थांबला.

मग चंद्रभागेनंच खुंट्या उपटल्या आणि ते ओलं, जड कापड ओढत कोरड्या वाळूत आणलं. कुणी हात लावला नाही. सासूबाईंनी काठी शोधून आणली आणि त्या कापडाशेजारी नव्यानं रेघ ओढली, पहिल्यापेक्षा जवळून. चंद्रभागा आत जाऊन बसली. गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय आता बसता येत नव्हतं.

"ते लुगडं बदल. लांबून दुसरं टाकते," सासूबाई म्हणाल्या.

चंद्रभागेनं ओठांवरून जीभ फिरवली. खारट लागलं. ओला पदर तिनं अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेतला.

"नको, सासूबाई. अंगावरच वाळेल."