पुढची आकृती

"आकृतीकडे बघत बसू नको गो बाय. एकीतून दुसरीत जाताना काय गेलं, ते बघ."

भिवाजी आजोबांनी पुस्तकावर बोट टेकवलं. दक्षताची पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा रविवारी होती. चौकोनात तीन ठिपके, मग दोन, मग एक. पुढे प्रश्नचिन्ह.

"रिकामा चौकोन!"

"चुकली असतीस तर आज बुक्का नव्हता," आजोबा हसले.

बाळकुमच्या देवळात हयातभर त्यांनी कीर्तनकाराच्या मागे उभं राहून टाळ धरले. कीर्तन संपलं की सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावायचा मान त्यांचा. घरीही तीच रीत. संध्याकाळची आरती झाली की सगळे रांगेत उभे राहायचे. आजोबा एकेकाचं नाव घेऊन बोट टेकवायचे. नाव घेतल्याशिवाय बुक्का नाही. देवाला कळायला नको, दारात कोण आलंय ते?

दिवाळीत रांगत्या विकीपाशी ते बोट थांबलं होतं. "हा कुणाचा गो?" सगळे हसले होते. काल ते पहिलीतल्या हितेशपाशी थांबलं. काल कुणी हसलं नाही.

आरती संपत आली होती. टाळ्या वाजवता वाजवता दक्षताची नजर रांगेवरून फिरली. आधी विकी. मग हितेश. घरात जो सगळ्यात शेवटी आला, तो आधी जातोय. आणि हितेशच्या आधी या घरात कोण जन्मलं होतं? सकाळपासून आजोबांनी तिला नुसतं 'बाय'च म्हटलं होतं.

तिच्या टाळ्या थांबल्या. ती हळूच सरकली आणि दाराआड उभी राहिली. आईने पाहिलं, हाक मारायला तोंड उघडलं. दक्षताने ओठांवर बोट ठेवलं. विचारू देत. एकदा तरी विचारू देत, ती कुठेय म्हणून.

"आवडा," आजोबांनी आजीच्या कपाळी बोट टेकवलं. मग बाबांच्या नि आईच्या. "केतन. माधवी." धाकट्या दोघांची नावं आजीने हळूच कानात सांगितली. "हितेश. विकी."

मग त्यांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली. दक्षता दाराच्या फटीतून बघत होती.

"झाले सगळे," ते समाधानाने म्हणाले आणि डबी मिटली.

दाराआड दक्षताचं उत्तर बरोबर आलं होतं.