उरलीसुरली ऊब

विश्वाच्या जन्मावेळची उरलीसुरली ऊब टिपणारी दुर्बीण आम्ही डोंगरावर उभारत होतो. मी तिथला फिटर. चाचणी चालू असताना तिच्यासमोर जायचं नाही, माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा तिला कळते, हे मीच सगळ्यांना बजावायचो. बायको गेल्यावर महिन्याने कामावर आलो आणि राहिलेला पाना उचलायला नेमका मीच चालू चाचणीत मध्ये गेलो.

कंट्रोल रूममधून इंजिनिअर पोरगी ओरडली, "कोण कडमडलंय तिथे? अख्खा पडदा उजळलाय!"

"मी आहे गं."

"काका, तुम्ही? अहो, सरका की!"

"सरकतो," म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो. महिनाभर घरात मी असलो काय नि नसलो काय, कुणाला कळत नव्हतं.