टपावरचा कप

पुलाला बोट घासली तसा नवरा खेकसला, “डोळे आहेत की बटणं?” मी त्याच्याकडे सुकाणू ढकलून काठावर उतरले आणि तरातरा निघाले. पण कालव्यातली बोट माणसाच्याच चालीनं जाते. रुसून कितीही चाललं तरी नवरा आपला शेजारीच. “चहा गार होतोय तुझा.” मी मान वळवली नाही. लॉक आलं, म्हणजे बोटींना वरच्या पातळीवर चढवणारा दोन दारांचा हौद. बोट दोन ओल्या भिंतींच्या तळाशी शिरली, मी मागचं दार लावलं. पाणी सोडून तिला वर उचलणारी लोखंडी चावी माझ्याच कमरेला! “सोड ना गं पाणी.” “आधी चूक कबूल कर, क्लाइव्ह.” त्यानं गुपचूप माझा कप टपावर ठेवला. मी हसू दाबत चावी फिरवली. पाण्याबरोबर बोट चढली, कप अलगद हाताशी आला, पाठोपाठ सुकाणूही. निघताना माझ्या हातून बोट भिंतीला घासली. नवरा शिट्टी वाजवत आभाळाकडे बघत राहिला.