सोबत एक जण

मुलाने सोनेरी कार्ड काउंटरवर असं ठेवलं, की जणू दार आपसूक उघडणार. काउंटरवरच्या मुलीने ते हसून परत सरकवलं.

"सर, हे परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी चालतं. तुमचं पुढचं विमान देशातलं आहे. या लाउंजमध्ये जायचं तर ज्या विमानाने आत्ता आलात, त्याचा बिझनेस क्लासचा पास लागेल."

तसा पास ना मुलाकडे होता, ना सुनेकडे. दोघं रात्रभर मागच्या वर्गात पाय दुमडून आली होती आणि पुढच्या विमानाला पाच तास होते. मुलाने मॅनेजर मागितला, आवाज चढवला. मुलगी हसतमुख राहिली, पण तसूभर हलली नाही.

तेवढ्यात आईने चष्म्याचं घर उघडलं. निघताना तिची खुर्ची मोडकी निघाली, म्हणून विमानवाल्यांनी नवा पास देऊन तिला पुढे बिझनेस क्लासात बसवलं होतं. उतरल्यावर मुलगा म्हणाला होता, "टाक तो. आता काय त्याचं लोणचं घालायचंय?" पण स्वतःचं नाव छापलेला कागद म्हातारी कधी फेकत नसे.

"या ना आजी!" मुलगी म्हणाली. "सोबत एक जण चालेल."

"सुटलो बाबा!" मुलगा पुढे झाला. बायकोला म्हणाला, "तू बस जरा. मी आंघोळ उरकून येतो."

"तू कुठे निघालास?" आई म्हणाली. "सूनबाई, चल गं. आणि तू बॅगांपाशी थांब."

"आई, चेष्टा नको. पाठ मोडलीय माझी."

"जाताना माझीही मोडली होती."

सहा महिन्यांपूर्वी, परदेशी जाताना, याच विमानतळावर त्याने तिला बॅगांच्या राखणीला बसवलं होतं आणि याच कार्डावर बायकोला घेऊन तो आत गेला होता. तुला आतलं काही आवडणार नाही, म्हणाला होता. नंतर सहा महिने तिने त्याचं तिकडचं घर सांभाळलं, चकार शब्द काढला नाही. राग मात्र रोज ताजा ठेवला.

"खुर्च्या चांगल्या आहेत हो इथल्या," ती म्हणाली. "लोखंडी, थंडगार. झोप लागत नाही, म्हणून बॅगा चोरीला जात नाहीत."

आत गुबगुबीत सोफे होते. काचेतून बॅगांच्या मधोमध तोंड पाडून बसलेला मुलगा नीट दिसेल, असा सोफा आईने निवडला. सूप अळणी होतं. तिने वाटी चाटूनपुसून संपवली.

सून केकची बशी घेऊन आली. तिला हसू आवरत नव्हतं.

"काय जिरवलीत हो आई! तोंड बघण्यासारखं झालं होतं."

"त्या दिवशी केक कसला होता गं?"

"चॉकलेटचा. पण तुम्हाला कसं..."

"तूच फोटो पाठवला होतास. मी बाहेर बसले होते तेव्हा."

सुनेचा चमचा थांबला. "मला वाटलं, तुम्हाला बघायला आवडेल."

"आवडला ना. अजून आहे फोनमध्ये." आईने रुमालाने तोंड पुसलं. "तुझा नंबर यायचाय अजून. खा, खा. पोटभर खा."