अठरा पावसाळे पाहिलेले दगड

फिलिमोनेने दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले आणि कान जवळ नेला. फसफस झाली, म्हणजे चुनखडीच. मग लोहचुंबक फिरवलं. कुठेच चिकटलं नाही. शेवटी त्याने दगड नाकाशी धरला.

"आता चाटूनही बघ," लेसिएली मावशी हातगाडीला टेकून म्हणाली. "बायको निवडताना एवढा चोखंदळ नव्हतास."

"बायकोने मासे नाही मारले, मावशी."

दुधाने तोंड पोळलं होतं त्याचं. वावाऊ बेटावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याने गेस्टहाउस बांधलं होतं आणि दर्शनी खोलीत पुरुषभर लांबीची काचेची टाकी बसवली होती. खारं पाणी, प्रवाळ, मासे. पहिल्यांदा फुकट मिळाले म्हणून जुन्या धक्क्याचे दगड आणले. त्यांत गंज होता की आणखी काय, देव जाणे. आठवड्यात सगळे मासे उलटे झाले. बाहेरून मागवलेले दगड परवडेनात. समुद्रातला खडक फोडायला गावाची बंदी. पण गडी हटणारा नव्हता. नाताळाआधी उद्घाटन करायचं आणि टाकीसकट करायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

आणि आज मावशी गाडीभर पांढरेशुभ्र दगड घेऊन दारात उभी.

"कुठले गं हे?"

"मूळचे समुद्रातलेच. पण वर येऊन अठरा वर्षं झाली. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. दर नाताळाला मी हाताने घासते. कुजण्यासारखं काही उरलेलं नाही त्यांत."

"काय देऊ?"

"पैसे ठेव तुझ्याजवळ. रविवारी प्रार्थना झाली की माझ्याबरोबर आईच्या कबरीवर चल. ऑकलंडहून परत येऊन सहा वर्षं झाली तुला. एकदा तरी."

आई गेली तेव्हा तो ऑकलंडला कोंबडीच्या कारखान्यात नवा लागला होता. रजा मागायची हिंमत झाली नाही. परतल्यावर कुठल्या तोंडाने जावं, ते कळेना. मग कामंच निघत गेली.

"येतो की! माय मरो, मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही."

मावशी हसली नाही.

रविवार देवाचा, म्हणून वावाऊत त्या दिवशी कुणी सुईत दोरासुद्धा ओवत नाही. हा मात्र पडदे ओढून, दगड भिजत घातलेल्या पिंपांचं पाणी बदलत बसला.

सोमवारी मावशी दुसरी गाडी घेऊन आली. रविवारचं एका शब्दाने विचारलं नाही. एका दगडाच्या भोकात लाल प्लॅस्टिकची पाकळी अडकली होती. त्याने ती चिमटीने ओढून फेकली.

"कुठून कुठून कचरा येतो बघ."

मावशीने वाकून पाकळी उचलली आणि कनवटीला लावली.

पुढच्या रविवारी सुतार कपाटं अर्धवट टाकून गेला होता, म्हणून राहिलं. मावशीने तिसरी गाडी रिकामी केली.

"तुला वेळ नाही. ठीक आहे," ती म्हणाली. "कुणीतरी कुणाकडे यायलाच हवं."

महिनाभर दगड भिजले. मग त्याने ते टाकीत रचले आणि एकच निळा मासा सोडला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. आठव्या दिवशी मासा दगडाच्या कपारीतून बाहेर आला, ऐटीत फिरला आणि पुन्हा आत घुसला. फिलिमोनेचे डोळे भरून आले. त्याने धावत जाऊन मावशीला आणलं.

मावशी दोन्ही तळवे काचेला लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"छान जागा दिलीस," ती म्हणाली. "उजेड आहे."

"जिंकलो की नाही? आता वरती फक्त एक मोठा, सपाट दगड हवा. तेवढा आणून दे ना. ह्या रविवारी नक्की येतो. आईची शप्पथ!"

मावशीने काचेवरचे हात काढले.

"एकच उरलाय, बाळा. मोठाही आहे, सपाटही आहे. पण त्याच्यावर तुझ्या आईचं नाव कोरलंय."