वहीतली फुली

लग्नाच्या दिवशी एनॉकला सही येत नव्हती, म्हणून चर्चच्या वहीत त्यानं फुली मारली. केझियाला लिहिता येत होतं. पण चारचौघांत नवऱ्याची मान खाली जायला नको, म्हणून तिनंही खाली फुलीच मारली. आमच्या गावात शहाण्या बायका असंच करतात. पुढं तिनं त्याला चुलीपाशी बसवून अक्षरं गिरवायला लावली आणि तो चर्चचा कारकून झाला.

नऊ वर्षांनी गावात मुलींची शाळा निघाली. मास्तरीण व्हायचं केझियाच्या लहानपणापासून मनात होतं. ती अर्ज घेऊन गेली, तर पाद्रीसाहेबांनी लग्नाची वही उघडली.

"ही फुली तुझीच ना? मग अर्ज कुणाकडून लिहून घेतलास?"

"मीच लिहिलाय, साहेब. फुली यांच्यासाठी मारली होती. विचारा की यांना!"

शेजारच्या टेबलावरून एनॉक म्हणाला, "मी कुठं सांगितलं होतं हिला?"

"म्हणजे देवासमोर खोटेपणा केलास," पाद्रीसाहेबांनी वही मिटली. "अशा बाईच्या हाती मुली द्यायच्या? एनॉक, लिही. अर्ज नामंजूर."


एनॉकनं लिहिलं. अक्षर हुबेहूब केझियाचं होतं.